क्लाइड आणि टॉयलेटमधला दाढीवाला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपले साठत जातात. मग एक दिवस प्रेस उघडावा (आयर्लंडमध्ये आठ वर्षं काढली की कपाटाचा प्रेस होतो!) आणि सगळे धडाधड अंगावर यावेत. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या क्लाइडचे आहेत.

क्लाइड अमेरिकन. तरुणपणी स्वतः गाणी लिहायचा, गिटारवर म्हणायचा. एक रेकॉर्डही निघाली होती. पुढे गाणं सुटलं आणि तो टीव्ही मालिकांना पार्श्वसंगीत द्यायला लागला. डब्लिनच्या सँट्री भागात आमच्या खालच्या मजल्यावर त्याचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. मी पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. नव्याण्णव साली त्याचा कॉम्प्युटर अडला म्हणून खाली गेलो, तो दर शनिवारी जातच राहिलो.

*

सँट्रीला विमानतळ अगदी लागून. जरा हळवा सूर लागला की डोक्यावरून विमान! मी क्लाइडला एक प्रोग्रॅम लिहून दिला. विमानांच्या वेळा टाकल्या की मधल्या मोकळ्या फटी दाखवायचा. चार मिनिटं, सहा मिनिटं, नशीब असलं तर नऊ.

एकदा धुक्यामुळे विमानतळच बंद पडला. क्लाइडनं घाईघाईनं चेलो वाजवणाऱ्या बाईंना बोलावलं. दिवसभर चिडीचूप शांतता, पण बाईंचं काही जमेना. संध्याकाळी धुकं निवळलं, पहिलं विमान गेलं आणि पुढच्या चार मिनिटांत त्यांनी अख्खा तुकडा एका दमात वाजवून टाकला!

"सॉरी हं," त्या म्हणाल्या, "इतका वेळ मिळाला की मी उगीच विचार करत बसते."

*

माझा मित्र देशमुख नागपूरचा डॉक्टर, नोकरी पार पश्चिमेकडच्या कासलबार गावातल्या हॉस्पिटलात. डब्लिनला आला की मुक्काम आमच्याकडे. एकदा तो आला तेव्हा क्लाइड हॉस्पिटलचा सीन करत होता. हीरो बेडवर, हीरोइन उशाशी बसून बोलतेय, शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर. मॉनिटरचं बीप-बीप क्लाइडनं आपल्या संथ ठेक्यात चपखल बसवलं होतं. मी मान डोलावली. देशमुखनं घड्याळ पाहिलं.

"मिनिटाला बावीस! अबे, हा चालला ना! आणि ही बाई गप्पा काय मारून राहिली? बोलाव ना कोणाला तरी!"

मी भाषांतर केलं. क्लाइडनं निमूटपणे ठेका तिप्पट केला. सीन एकदम जिवंत झाला.

"आता ग्रँड," देशमुख म्हणाला. इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं ठीक. "पण डिस्चार्जची घाई करू नको म्हण त्याला."

*

कराडहून माझी आई आली होती. दुपारी खाली जाऊन ऐकत बसायची. एका सीनमध्ये म्हातारी बाई मुलाचे कपडे घडी घालता घालता रडते. क्लाइडनं त्यावर अगदी करुण व्हायोलिन टाकलं होतं.

आई मला म्हणाली, "त्याला इचार, बाई रडतीया न्हवं? मग ह्यो कशापायी रडतूय?"

मी क्लाइडला सांगितलं. मग त्यानं व्हायोलिन काढून टाकलं. नुसता कपड्यांचा आवाज ठेवला. मालिकेच्या शेवटी नावं येतात तिथं 'शांतता : मिसेस जाधव' असं आईचं नाव टाकायला तो निघाला होता. मालिकावाल्यांनी ऐकलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

*

माझी मुलगी सई. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत. एकदा खालून आली आणि म्हणाली, "बाबा, हू इज युअर मॅन इन द टॉयलेट?" इथे 'युअर मॅन' म्हणजे कुणीही, तो अमका.

मी घाबरून पाहायला गेलो. स्टुडिओतल्या टॉयलेटच्या भिंतीवर रेकॉर्डचं जुनं कव्हर होतं. काळीभोर दाढी, खांद्यापर्यंत केस, पंचविशीतला क्लाइड. समोरचा क्लाइड टकलू, गुळगुळीत. सईनं त्याला विचारलं, "तू फेमस होतास?"

"हो," क्लाइड म्हणाला. "एका मंगळवारी."

*

मग त्याला पहिला मोठा सिनेमा मिळाला. आता सिनेमावाल्यांची एक खोड असते. संगीत तयार होईपर्यंत एडिटिंगच्या वेळी कुठलंतरी तात्पुरतं संगीत चिकटवून ठेवतात, आणि रोज ऐकून दिग्दर्शक त्याच्याच प्रेमात पडतो!

इथेही तेच झालं. दिग्दर्शक तरुण, कॉर्कचा. शेवटच्या सीनला एडिटरनं जुन्या बिननावाच्या कॅसेटमधलं एक गाणं लावलं होतं. क्लाइडनं ते ऐकलं आणि चष्मा पुसत बसला. दिग्दर्शक म्हणाला, "मला अगदी असं हवंय. युअर मॅन जसा गातो ना, तसं. जमलं नाही तर दुसरा कुणी बघावा लागेल."

तो गेल्यावर मी म्हटलं, "हा आवाज..."

"हो," क्लाइड म्हणाला, "टॉयलेटमधला."

"मग सांगून टाक ना!"

"सांगितलं की तो तेच गाणं वापरणार. मग गेली पंचवीस वर्षं मी काय केलं?"

क्लाइडनं एक नवं गाणं रेकॉर्ड करून दिग्दर्शकाला बोलावलं. नापास. "छान आहे, पण युअर मॅनसारखं नाही." दुसरंही नापास. दोन्ही वेळा क्लाइड त्या दाढीवाल्या पोराचा आवाज काढायला बघत होता, मलाही ते कळत होतं. दोन्ही वेळा दिग्दर्शक मध्येच टॉयलेटला जाऊन आला, माझा जीव टांगणीला! पण ते कव्हर पाहूनही त्याच्या काही लक्षात आलं नाही.

शेवटची संधी शनिवारी होती. या वेळी क्लाइडनं काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं. सीन चालू केला, गिटार घेतली आणि समोर बसून गायला. फाटका, म्हातारा आवाज. वरून एक विमान गेलं, तरी थांबला नाही. मला रडू आलं, लपवलं नाही.

दिग्दर्शक जागचा उठलाच नाही. मग म्हणाला, "हेच! युअर मॅनपेक्षा सरस! तो जिथं कुठं असेल तिथं त्याला हे ऐकवायला हवं."

क्लाइडनं गिटार खाली ठेवली.

"ऐकवलंय," तो म्हणाला. "जरा खट्टू झालाय. होईल ठीक."