ढकलली हाय, मोडली न्हाई

आप्पा मैदानाच्या मधोमध यायचे, कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघायचे आणि गळ्यातली शिट्टी जोरात फुंकायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, आता खेळ सुरू होणार. आम्हा जुन्या लोकांना कळायचं की आजचा दिवस वाया गेला. शिट्टी खाली सोडून ते म्हणायचे, "आजचं राहू द्या. पुढची तारीख कळवतो."

खेळाची शिट्टी रेफरीकडे असायची. आप्पांची शिट्टी फक्त मॅच पुढे ढकलण्यासाठी होती. लाल दोरीत ओवलेली ती शिट्टी ते लग्नाकार्यातसुद्धा गळ्यात घालून जायचे.

आमची फुटबॉल लीग म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला उगाच काहीतरी मोठं वाटेल. दौंडच्या दोन टीम, शिरूरची एक, न्हावऱ्याची एक, कोरेगाव भीमाची एक आणि आमची कुरकुंभची. मैदान एकच, दौंडला रेल्वे लायनीच्या पलीकडे, मुरमाचं. पडलं की गुडघा सोलून निघायचा. बघायला कुणी फिरकायचं नाही. जी टीम पहिली येईल तिला पुण्यात, जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायला मिळायचं. तिथल्या मैदानावर गवत होतं. बक्षीस एवढंच, पण त्यासाठी माणसं रात्रपाळी करून न झोपता खेळायला यायची.

मी कुरकुंभच्या टीमचा मॅनेजर. केमिकल कंपनीत सुपरवायझर आहे, आणि टीममधले बहुतेक सगळे ठेकेदाराकडचे कामगार. म्हणजे आप्पांची शिट्टी सगळ्यात जवळून ऐकणाऱ्यांपैकी मी एक.

हा माणूस लीगचा सेक्रेटरी झाला कसा? मैदान मिळवण्यासाठी कुणातरी वजनदार माणसाचा शब्द लागत होता. आप्पांचा ऊस होता, जीप होती, दूध सोसायटी त्यांच्या हातात होती. त्यांनी एक फोन केला, मैदान मिळालं, आणि त्या फोनच्या जोरावर ते आमच्या मानगुटीवर बसले ते कायमचे. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कॉर्नर दिला की कुणाला तरी शिक्षा झाली असं त्यांना वाटायचं. पण तारीख देणं आणि दिलेली तारीख मागे घेणं यात त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. कुणाचा दशक्रिया विधी आला, ढकला. आमदारांचा दौरा आला, ढकला. एकदा तर त्यांना स्वतःला भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं आणि सेक्रेटरीशिवाय मॅच होणं बरं दिसत नाही, म्हणून ढकलली.

ढकलण्याची त्यांची एक खास पद्धत होती. मॅच फोनवरून ढकलायची नाही. पूर्वी एकदा त्यांनी फोनवर निरोप दिला होता, तो एका टीमला पोचला आणि दुसरीला नाही. जी टीम आली तिने रिकाम्या गोलात बॉल मारला आणि जिंकलो म्हणून गुलाल उधळला. पुढे मारामारी झाली. तेव्हापासून आप्पांचा कायदा असा, की मॅच ढकलायची तर मैदानावरच. दोन्ही टीमनी खेळाचे कपडे घालून मधल्या रेषेवर समोरासमोर उभं राहायचं, आप्पा शिट्टी वाजवणार, मॅच ढकलल्याचं जाहीर करणार, मग खेळाडूंनी हात मिळवायचे आणि घरी जायचं. शिरूरची पोरं न्हावऱ्यावरून मोटारसायकलींवर धूळ खात यायची, ती आज खेळ नाही एवढं ऐकायला. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. पतसंस्थेत बघा, गणेश मंडळात बघा. त्याला काम करायचं नसतं, पण काम थांबवायचा मान त्याला सोडवत नाही.

त्या वर्षी लीगमधली एकच मॅच उरली होती, आमची आणि शिरूरची. जो जिंकेल तो पुण्याला. आमच्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती आणि ती मंगलमुळे आली होती. मंगल आमचा गोलकीपर, झारखंडचा, ड्रम भरायच्या कामावर. उंची बेताचीच, पण बॉल कुठल्या बाजूला येणार हे त्याला कसं कोण जाणे आधीच कळायचं. काम संपलं की तो एकटाच वसाहतीच्या भिंतीवर बॉल मारत असायचा. एकदा मला विचारलं, "भैया, पुणे में सच में घास है?" मी हो म्हणालो. तो हसला आणि परत भिंतीकडे वळला.

मार्चमधला एक रविवार. कोरोना तेव्हा टीव्हीवर होता, आमच्याकडे नव्हता. बंदी नव्हती, पोलीस नव्हते. रेफरी आला होता, चुन्याच्या रेषा मारून झाल्या होत्या, मंगल हातमोजे घालून गोलात उभा होता. एका दुपारचं काम होतं. आप्पा मधोमध आले आणि आभाळाकडे बघू लागले. आभाळ लख्ख होतं. तरी शिट्टी वाजली. टीव्हीवर कायतरी सांगत्यात, आठवडाभर दम धरा, असं म्हणाले. आम्ही हात मिळवले, कारण कायदा होता, आणि घरी आलो. बघता बघता सगळा देश बंद झाला.

त्या शिट्टीबद्दल मी आप्पांना माफ केलेलं नाही. आजही नाही.

ठेकेदाराने हात वर केले. मंगल बरेच दिवस खोलीवर बसून राहिला आणि दौंडहून मजुरांची गाडी सुटली तेव्हा गावी गेला. तिकडून त्याचा फोन यायचा. घरचं विचारून झालं की त्याचा ठरलेला प्रश्न, "तारीख आई क्या?" मी म्हणायचो, अजून नाही.

पावसाळा सरला, थोडी मोकळीक मिळाली आणि आप्पांनी तारीख दिली. मंगल दोन दिवस रेल्वेत बसून आला. आदल्या संध्याकाळी जमावबंदीचा हुकूम पुन्हा निघाला. कुठलाही शहाणा माणूस एक मेसेज टाकून मोकळा झाला असता. आप्पांनी काय केलं असेल? जमायला बंदी आहे हे सांगण्यासाठी त्यांनी दोन्ही टीमना मैदानावर जमायला सांगितलं.

शिरूरच्या पोरांना वाटेत नाक्यावर पोलिसांनी अडवलं. त्यांच्या कॅप्टनने नंतर मला जे सांगितलं ते असं. हवालदाराने विचारलं, कुठं निघालात? कॅप्टन म्हणाला, मॅचला. हवालदार म्हणाला, मॅचबिच सगळं बंद हाय. त्यावर या भाबड्याने खरं ते सांगितलं, "व्हय साहेब, बंद हाय. बंद हाय त्येच ऐकाया चाललोय." हवालदाराला ही थट्टा वाटली. त्याने सगळ्या टीमला रस्त्याच्या कडेला उठाबशा काढायला लावल्या. तरी ती पोरं पुढे आली, हे त्यांचं कौतुक म्हणा की वेडेपणा.

मैदानावर आप्पांनी चुन्याने एकमेकांपासून लांब लांब वर्तुळं काढून घेतली होती. एकेकाला एकेका वर्तुळात उभं केलं. मास्क हनुवटीखाली ओढला, शिट्टीवर सॅनिटायझर ओतलं, ती तशीच ओली तोंडात धरली आणि त्यांना जोरात ठसका लागला. दोन्ही टीम वर्तुळं सोडून मागे पळाल्या. त्या दिवसाचा खेळ म्हणायचा तर तेवढाच झाला. हात मिळवायचे नाहीत, नमस्कार करा, असा हुकूम सुटला. मंगलने हातमोज्यांनीच नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भैया, यही सुनने के लिए आया था मैं?"

ठेकेदाराकडे जागा नव्हती. तो आल्या पावली परत गेला.

त्याच दिवसांत टीव्हीवर परदेशातल्या मॅच सुरू झाल्या होत्या. रिकाम्या स्टेडियममध्ये मोठमोठे खेळाडू खेळत होते आणि प्रेक्षकांचा आवाज मशिनमधून काढत होते. आमच्याकडे प्रेक्षक कधी नव्हतेच. म्हणजे रोग येण्याच्या आधीपासून आम्ही सगळे नियम पाळत होतो. पण वरच्यांची मॅच थांबली की ती सुरू करायला दहा माणसं धावतात. आमची थांबली तेव्हा आमच्याकडे फक्त आप्पा होते.

मी रागारागात त्यांच्या दूध सोसायटीवर गेलो. ते कॅनचं झाकण उघडून आत बघत होते. मी म्हणालो, आप्पा, एक तर खेळवा, नाहीतर रद्द करून टाका. हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार? जुना हंगाम संपला नाही म्हणून नवा सुरू होत नाही. न्हावऱ्याची पोरं टेनिस बॉलच्या क्रिकेटकडे गेली, कोरेगावची निम्मी टीम कारखान्यात लागली, शिरूरच्या स्ट्रायकरला पोट सुटलं. लीग मरायला लागलीय.

आप्पांनी झाकण लावलं. "रद्द कशी करायची, मॅनेजर? ढकलली हाय, मोडली न्हाई."

"फरक काय पडतो?"

"लगीन ढकललं आन् लगीन मोडलं, ह्यात फरक न्हाई व्हय?"

मला इतका संताप आला की मी नको ते विचारलं. आप्पा, तुम्ही जन्मात कधी बॉलला पाय लावलाय का? ते अजिबात ओशाळले नाहीत. "न्हाई ना. म्हणून तर मी कुणाच्याच बाजूचा न्हाई." एवढं बोलून त्यांनी मला दूध घेऊन जायला सांगितलं. मी दूध न घेता निघालो.

त्यानंतरही ते तारखा देत राहिले आणि मैदानावर बोलावून मागे घेत राहिले. एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने सांगितली पाहिजे. आप्पांना यायला नेहमी उशीर व्हायचा आणि तोवर पोरं बॉल खेळायची. आमची, शिरूरची, कुणी कुणाच्याही बाजूने, गोलाच्या खांबाला बांधलेली शेळी सोडवून. दोन कंपन्यांत विखुरलेली, कामं सुटलेली, घरात माणूस गेलेली ती पोरं एरवी कुठेच भेटत नव्हती. भेटली ती फक्त मॅच होणार नाही हे ऐकायला आली तेव्हा. यात आप्पांची काही अक्कल होती असं कुणी म्हणू नये. ते फक्त उशिरा उठायचे.

पुढच्या उन्हाळ्यात रोग परत आला आणि या वेळी तो टीव्हीवर थांबला नाही. आप्पांना पुण्याला नेलं, ते परत आले नाहीत. अंत्यविधीला मोजकी माणसं सोडून कुणाला जाऊ दिलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर साध्या निरोपासाठी लोकांना मैदानावर बोलावलं, त्याची बातमी आम्हाला फोनवर कळली. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण राग तसाच राहिला. वाईट वाटलं म्हणून माणूस शहाणा ठरत नाही.

सगळं उघडल्यावर नवा सेक्रेटरी आला. आप्पांचाच पुतण्या, तरतरीत, हातात दोन मोबाइल. त्याला मैदान लागत नव्हतं. एका सकाळी लीगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा मेसेज आला. मागील हंगाम रद्द. नवीन टीमची नोंदणी सुरू. फक्त दौंड व शिरूर तालुक्यांतील रहिवासी खेळाडू. खाली चार लोकांनी पसंतीचे अंगठे टाकले. जे काम आप्पांना वर्षभरात जमलं नाही ते त्याने चहा पिता पिता उरकलं. अगदी बिनचूक काम होतं आणि मला त्या पोराची अशी किळस आली की मी ग्रुप सोडला. आमच्या टीममध्ये या तालुक्यांतले रहिवासी म्हणावेत असे मी धरून तिघे होतो.

मी आप्पांवर इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, त्यातला एक शब्दही मागे घ्यायची माझी तयारी नाही. मार्चमधल्या त्या दुपारी त्यांनी गप्प राहायला हवं होतं. पण तो मेसेज वाचल्यावर दिवसभर त्यांच्या शिट्टीची उणीव भासत राहिली. कुणीतरी आम्हाला उन्हात उभं करून, तोंडावर सांगायला हवं होतं. शिरूरची पोरंही तेच म्हणाली.

रविवारी मंगलचा फोन आला. आईची तब्येत, धान, पाऊस, सगळं झालं. मग त्याने तारखेचं विचारलं. मी काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की मॅच रद्द झाली, आता होणार नाही, आणि नव्या लीगमध्ये बाहेरच्यांना घेत नाहीत.

तिकडे त्याच्या अंगणात कुणीतरी लाकडं फोडत होतं, ते फोनवर ऐकू येत होतं.

"भैया," तो म्हणाला, "पुणे के लिए स्टड वाले जूते लिए थे. घास पर ही पहनूँगा सोचा था, तो एक बार भी नहीं पहने. छोटा भाई कब से माँग रहा है. दे दूँ?"

मी म्हणालो, दे.