डेंजर झोनमधलं दही

काही किस्से आपण सांगत नाही, नुसतं झाकण लावून फ्रिजमध्ये मागे सरकवतो. नंतर बघू म्हणतो. मग एक दिवस कोथिंबीर शोधायला जावं आणि सगळे डबे अंगावर यावेत, तसं माझं झालंय.

माझं कामच तसलं. मी अन्नसुरक्षेचं ऑनलाइन ट्रेनिंग देते. नोएडातल्या तेराव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप मांडून, मी कॅन्टीनवाल्यांना, मेसवाल्यांना, हॉटेलवाल्यांना शिकवते की जेवण कसं सांभाळावं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी सहा वर्षांची मुक्ता चित्रं काढत असते.

निदान मला तसं वाटायचं. ती ऐकत होती!

हल्ली माझी झोप उडालीय ती त्यामुळे. मुक्ताने आजीच्या हातचं खाणं सोडलंय. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच असतात. ज्या हाताने ही पोरगी रोज दहीभात खायची, त्या हाताकडे आता ती इन्स्पेक्टरसारखी बघते.

पण हे असं एकदम नाही झालं. डबे एकेक करून काढते.

*

माझी पहिली बॅच. मी जरा जास्तच तयारी केलेली. म्हटलं, नुसतं भाषण नको, प्रॅक्टिकल हवं. सगळ्यांना कॅमेरा ऑन करून साबणाने हात धुऊन दाखवायला सांगितलं. गुडगावच्या एका फॅक्टरीचे कॅन्टीन सुपरवायझर तिवारीजी नुसतेच हवेत हात चोळत होते.

"तिवारीजी, पानी?"

"मैडम, पानी ऑनलाइन नहीं आ रहा!"

मी कडक चेहरा केला. मग सहज मागे वळून आमच्या नळाकडे बघितलं. तोही ऑफलाइन होता.

*

पाच ते साठ अंश या तापमानात जंतू भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न त्यात फार वेळ राहू द्यायचं नाही. याला आमच्याकडे 'डेंजर झोन' म्हणतात. हे मी चांगलं घोळवून घोळवून सांगितलं आणि मुनिरकात विद्यार्थ्यांची मेस चालवणाऱ्या एकाला विचारलं, "आपके यहाँ डेंजर झोन कहाँ है?"

तो क्षणभरही थांबला नाही. "मैडम, सीढ़ी के नीचे. मकान-मालिक वहीं बैठता है."

त्याच बॅचमध्ये पहाडगंजचे एक लॉज-हॉटेलवाले होते. जो माल आधी आला तो आधी वापरा, म्हणजेच 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट', हा नियम ऐकून ते इतके खूश झाले की माइक उघडून म्हणाले, "मैडम, ये तो हम बरसों से कर रहे हैं! दोपहर बारह बजे, सब आउट!"

मुक्ता टेबलाच्या टोकाला खी खी हसली. मला वाटलं, वा! मुलगी आपल्या कामात रस घेतेय. स्वतःचं कौतुक करायला मला एवढंसं निमित्त पुरतं. नंतर आठवडाभर पस्तावायला तर त्याहूनही कमी.

*

मग तो कॉल झाला. आमच्या कंपनीचे खन्ना सर माझा क्लास कसा चाललाय ते बघायला ऑनलाइन आले. क्लास छान झाला. शेवटी सर म्हणाले, "मैम, एक बात. पीछे वो बर्तन में क्या है?"

माझ्या मागे ओट्यावर ताटलीने झाकलेलं पातेलं होतं.

मी काही बोलायच्या आत सासूबाई फ्रेममध्ये. "दही जमाया है. हिलाना मत."

"अच्छा जी. कितने घंटे से बाहर है?"

"रात से."

"और कितने घंटे रहेगा?"

"जितना लगेगा उतना!"

खन्ना सर हसले, क्लासमधले सगळे हसले, तिवारीजींनी तर टाळ्यांचं चित्र पाठवलं. फक्त मुक्ता हसली नाही. दुपारी आजीने दहीभाताचा घास पुढे केला तेव्हा तिने तोंड फिरवलं.

"दूध रात्रभर बाहेर होतं. डेंजर झोन आहे. मला नको."

आजीने तो घास स्वतःच खाल्ला.

*

त्यानंतर हे इन्स्पेक्शन घराबाहेरही पसरलं. शेजारच्या टॉवरमध्ये वाढदिवस होता. तिथल्या आंटींनी प्रेमाने समोसा पुढे केला.

मुक्ता म्हणाली, "आंटी, ये अंदर तक गरम है?"

"बिल्कुल गरम है, बेटा!"

"थर्मामीटर लगाया?"

आंटींनी घाबरून मुक्ताच्याच कपाळाला हात लावला. "बुखार है क्या इसको?"

मुक्ता उपाशी घरी आली. रिटर्न गिफ्ट मात्र आणलं. त्यावर एक्स्पायरी डेट नव्हती म्हणे.

*

मी म्हटलं, लोकांचं राहू दे, निदान आपल्या माणसांना तरी याचा उपयोग व्हावा. म्हणून गणपतीच्या आधी मराठी मंडळाच्या बायकांसाठी मराठीत एक सेशन घेतलं. या सगळ्या जुन्या दिल्लीकर, कुणी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये उभा जन्म काढलेल्या. मी सांगितलं, मोठ्या प्रमाणात स्वयंपाक करताना प्रत्येक वेळी वेगळ्या चमच्याने चव घ्यायची.

"नैवेद्याची कोण गं चव घेतं?" जोशीकाकू म्हणाल्या. "देवाच्या आधी?"

"पण काकू, मग मीठ कमी-जास्त झालेलं कळणार कसं?"

"चाळीस वर्षं करतेय. त्याची अजून कंप्लेंट आलेली नाही!"

सासूबाईही त्या कॉलवर होत्या, आतल्या खोलीतून, त्यांच्या फोनवर. एरवी अशा वेळी त्यांचं हसू भिंतीपलीकडून ऐकू येतं. त्या दिवशी आलं नाही.

*

शेवटी मी ठरवलं, जे बिघडवलं ते ट्रेनिंगनेच दुरुस्त करायचं. मुक्ताला समोर बसवलं.

"हे बघ, काही जंतू चांगले असतात. दह्यातले तसेच असतात."

"त्यांच्यावर लेबल असतं?"

"लेबल नसतं, पण..."

"मग तुला कसं कळलं?"

पीपीटी असती तर मी पुढची स्लाइड लावली असती. तेवढ्यात ओट्याशी उभ्या सासूबाई, आमच्याकडे न बघता, म्हणाल्या, "विरजण असतं ते. कालच्या दह्यातलं थोडं राखून ठेवायचं, त्याने आजचं लावायचं."

"वर्जन?" मुक्ता म्हणाली. दिल्लीत वाढलेलं पोर, ॲपचं 'वर्जन' माहीत, विरजण हा शब्द कुठून माहीत असणार!

"हो, वर्जन," सासूबाई म्हणाल्या. "आर. के. पुरमला शेजारच्या मद्रासी मामींकडून वाटीभर आणलं होतं. तेव्हापासून तेच चालू आहे. कधी संपू दिलं नाही. तुझा बाबा याच्यावरच वाढलाय."

मुक्ताने सोफ्यावर मोबाइल घेऊन आडव्या पडलेल्या बाबाकडे, म्हणजे अनिकेतकडे, बराच वेळ निरखून बघितलं.

"मग नको," म्हणाली.

मी हसले. अनिकेतही हसला. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "मी जरा नागपूरला सुमाकडे जाऊन राहते."

सुमा म्हणजे माझी नणंद.

"किती दिवस, आई?"

"बघू. इथे माझ्यावाचून काय अडलंय?"

*

निघायच्या दिवशी सासूबाईंची औषधं मी दोनदा पिशवीत घातली आणि दोनदा बाहेर काढली. 'राहा ना' हे दोन शब्द इतके सोपे, पण ते सोडून मी बाकी सगळं बोलले. गाडीत पाणी बाटलीचंच घ्या, कटलेट घेऊ नका, हात धुवा! त्यांनी मला विरजणाची वाटी कुठे ठेवलीय ते दाखवलं. खाली कॅब येऊन उभी राहिली.

"चला, जाते मी," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे निघताना 'येते' म्हणतात. 'जाते' कुणी म्हणत नाही. अनिकेत बॅगेच्या चेनशी खेळत राहिला.

प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, हे आमच्या घरात सासूबाईंचं काम. आता त्याच निघालेल्या, म्हणजे ते माझ्याकडे आलं. मी वाटी आणली, चमचा भरला, तेवढ्यात मुक्ता मध्ये घुसली आणि तिने चमचा माझ्या हातातून काढून घेतला. आता ही थर्मामीटर मागणार.

"आजी, हात धुतलास?"

"धुतला."

"साबणाने?"

"साबणाने."

मुक्ताने आजीच्या तळहातावर दही ठेवलं. सासूबाईंनी हात तोंडाशी नेला आणि थोडं चाटलं. आणखी चाटणार, तेवढ्यात मुक्ताने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं, त्या तळहातात बोट बुडवलं आणि सरळ तोंडात घातलं.

न धुतलेलं बोट, उष्टं दही, खोलीतलं तापमान. माझ्या कोर्समधले सगळे नियम एका घासात मोडले. सवयीने माझं तोंड उघडलंसुद्धा. खालून कॅबवाल्याने हॉर्न वाजवला.

सासूबाई पुन्हा हात तोंडाशी नेऊ लागल्या. मुक्ता मनगट सोडेना.

"सगळं नको ना संपवू, आजी! थोडं वर्जनला ठेव!"