आतेचा अंगठा

माझ्या आतेच्या अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिचा अंगठा आहे तिला तर नाहीच. रेशन दुकानदाराला ठाऊक आहे, पण त्याला गप्प राहायला मीच सांगितलं होतं.

आते म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हा वडिलांनी तिला गावाहून लालबागला, आमच्या चाळीतल्या एका खोलीत आणलं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो, आणि त्यानंतर आमचं घर आतेच्या हातांवर चाललं. मसाल्याच्या गल्लीत ती मिरच्यांची देठं काढायला बसायची. संध्याकाळी आली की हात आधी ताकात बुडवून ठेवायची, आणि तोपर्यंत मला जवळ येऊ द्यायची नाही. तिखट माझ्या डोळ्यांत जाईल म्हणून. माझी एम.ए.ची फी त्या देठांतून निघाली. हे ती कधी बोलून दाखवत नाही. मीही नाही.

मी अर्थशास्त्र शिकवतो. गिरगावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात. अकरावीच्या पोरांना रेशनव्यवस्था समजावताना फळ्यावर एक आडवी रेघ मारतो. म्हणतो, ही उत्पन्नाची मर्यादा. रेघेच्या खाली असेल त्याला धान्य, वर असेल त्याला नाही. मग विचारतो, रेघ चुकीच्या जागी पडली तर काय होईल? पोरं लिहून घेतात: पात्र लोक वगळले जातात. हे मी इतकी वर्षं सांगत आलोय, पण एखादा माणूस वगळला जातो म्हणजे नक्की कोण काय करतं, ते मात्र मी स्वतः केल्यावर मला कळलं.

लग्नानंतर मी दादरला राहायला गेलो. लालबागच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी केलं आणि दादरच्या पत्त्यावर पांढरं कार्ड काढलं. आई-वडील गेले. लालबागच्या खोलीत आते एकटी राहिली आणि केशरी कार्डावर तिचं एकटीचं नाव उरलं. त्यावर धान्याचा शिक्का होता. महिन्याला पाच किलो, बहुतेक तांदूळ, थोडे गहू.

पाच किलो म्हणजे काय, असं मला वाटायचं. तिला तसं वाटत नव्हतं. त्या तांदळाचे घावणे करून ती डब्यात घालून दादरला आणायची. मुलीपुढे डबा उघडून म्हणायची, "खा गो. सरकारचे तांदूळ. माज्या नावाचे." आते गावचं मालवणी अजून सोडत नाही. 'माज्या नावाचे' म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची. आयुष्यभर तिच्या नावाचं काही नव्हतं. खोलीची भाडेपावती वडिलांच्या नावाची, विजेचं बिलही त्यांच्याच नावाचं. छापलेल्या कागदावर तिचं नाव असलेलं ते कार्ड एवढंच.

मग चाळीचा पुनर्विकास आला. खोलीच्या जागी फ्लॅट मिळणार, पण खोलीत कोण राहतं याचे पुरावे द्यायचे होते. खरं तर राहत होती ती. पण आते लिहू-वाचू शकत नव्हती, आणि खोली भावाची म्हणून माझी, हे तिनेच गृहीत धरलं होतं. मीही धरलं. आमच्याकडे लालबाग-परळमध्ये रेशनकार्ड धान्यासाठी आहे असं कुणी समजत नाही. कार्ड हा पुरावा. लोक विरारला राहायला जातात, तरी लालबागच्या कार्डावरचं नाव सोडत नाहीत. मी तेवढ्यापुरता मूर्ख निघालो होतो. नाव काढून बसलो होतो.

चिंचपोकळी स्टेशनबाहेर कार्डाची कामं करून देणारा एक एजंट बसतो. त्याने कागद पाहिले आणि सांगितलं, "सर, दोन रस्ते आहेत. त्याच पत्त्यावर तुमचं वेगळं कार्ड काढायचं. पण त्याला टाइम लागेल, चौकशीला माणूस घरी येणार. नाहीतर दादरचं नाव काढून आत्याबाईंच्या कार्डात टाकायचं. पटकन होईल. पण मग तुमचा पगार त्या कार्डावर चढला. म्हातारीचं धान्य बंद."

बिल्डरची पात्र रहिवाशांची यादी महिन्याभरात बंद होणार होती. शिवाय चौकशीचा माणूस आला असता तर मी तिथे राहत नाही हे त्याला खोलीत पाऊल टाकताच कळलं असतं. एकच उशी, एकच ताट, दोरीवर फक्त बाईची लुगडी.

मी म्हणालो, "चालेल."

एजंटने वर पाहिलं. "नक्की?"

"पाच किलो तांदूळ काय मी तिला देऊ शकत नाही?"

हा प्रश्न मी त्याला विचारला. तिला विचारला नाही. तिला एवढंच सांगितलं, की कार्डात माझं नाव घालतोय. ती म्हणाली, "घाल मा. खोली तुजीच आसा. घरच्या घरात विचारतस कित्याक?"

दोन महिन्यांनी दुकानदाराने तिला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवलं आणि घरच्या कुणाला तरी पाठवा म्हणून सांगितलं. तो भला माणूस. तिला सगळ्यांदेखत काही बोलला नाही. मी गेलो. त्याने मला अंगठा लावायच्या मशीनवर दाखवलं. कार्डाचा वर्ग बदलला होता.

"तुमच्या इन्कममुळे, सर," तो म्हणाला. "त्यांना मी काय सांगू?"

त्या मशीनवर तिचा अंगठा पूर्वीही पटकन लागत नसे. मिरच्यांनी कातडी गुळगुळीत झालेली. दोनदा, तीनदा पुसून लावावा लागायचा, पण लागायचा. मला तेवढं पुरलं. मी दुकानदाराला म्हणालो, "अंगठा लागत नाही म्हणून सांगा. मी बघतो काय ते." आणि खोलीवर जाऊन तिला तेच सांगितलं.

आतेने अंगठा डोळ्यांजवळ नेला. मग दारातल्या उजेडात. "मिरच्यांनी खाल्ल्यानी," ती म्हणाली. "माजो आंगठो मेलो रे."

मी तांदूळ पाठवले. ते मी पाठवले नाहीत असं नाही. चांगले, महागाचे, दहा किलोची गोणी. पुढच्या वेळी गेलो तर गोणी तशीच, शिवण न उसवलेली. म्हणाली, "तुज्या तांदळाची पेज धड होणा नाय." मग थोड्या वेळाने, "असांदे. आंगठो बरो झालो काय माजे तांदूळ मीच आणतंय."

आणि ती अंगठा बरा करायला लागली.

मला हे अपेक्षितच नव्हतं. मला वाटलं होतं दोन महिने कुरकुरेल आणि सोडून देईल. आते रोज सकाळी कोमट पाण्यात अंगठा भिजवायची. वर खोबरेल तेल. शेजारणीने सांगितलं म्हणून लिंबाची साल, मग कुणी सांगितलं म्हणून साय. अंगठ्याला चिंधी बांधून ती भांडी घासायची. आणि मार्च उजाडला, गल्लीत मिरच्यांचे ढीग पडायला लागले, वर्षाचं काम सुरू झालं, तेव्हा तिने बोलवायला आलेल्या बाईला सांगितलं, की यंदा येत नाही. रेघा परत यायला हव्यात तर मिरचीला हात लावून चालणार नाही.

हा हंगाम म्हणजे तिची वर्षाची कमाई. औषधं, चहा-साखर, गणपतीत चाळीची वर्गणी. वर्गणी ती स्वतःच्या कमाईतून द्यायची, त्याबाबत हट्टी होती. माझ्या खोट्यामुळे धान्याच्या मागोमाग कामही गेलं, आणि हे दुसरं तर सरकारच्या कुठल्याही नियमात बसत नव्हतं. ते सगळं माझं.

मी तिला अडवायला हवं होतं. म्हणालो काय, "कशाला तेवढा त्रास? बसून राहा की आता."

"बसान खावक मी काय म्हातारी झालंय?" सत्तरी ओलांडलेली बाई मला विचारत होती.

दर महिन्याला ती दुकानात जायची. रांगेतल्या बायकांत तिचा अंगठा हा विनोदाचा विषय झाला होता. एकदा मी बरोबर होतो, म्हणून ऐकलं. चाळीतली एक बाई ओरडली, "काय गे आते, मेंदी लावन इलंस?" मागून एक तरुण पोरगी म्हणाली, "आजी, नेलपॉलिश लावा, मशीनला आवडेल!" आते हसली. तिने अंगठा पदराला पुसला, त्यावर फुंकर घातली आणि मशीनवर ठेवला, देवापुढे काही ठेवावं तसा. दुकानदाराने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही लागला, मावशी. पुढच्या महिन्यात बघू."

"डोळ्यान पण होता मा?" आतेने विचारलं. "ती पलीकडली सांगी होती. डोळो दाखवल्यार पण तांदूळ गावतत."

दुकानदार पुढच्या बाईची पिशवी घ्यायला वळला. मी म्हणालो, "इथलं डोळ्याचं मशीन बिघडलंय, आते."

असं एकेक रचत गेलो. बाहेर आल्यावर दुकानदाराने मला हाक मारली. आते पुढे गेली होती. "सर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती माऊली अंगठा धुऊन येते हो दर महिन्याला. मला नाही जमत आता. तुम्ही सांगा. किंवा तुमचं नाव काढा. अर्ज केला तर त्यांचं परत चालू होऊ शकतं."

मी म्हटलं, "यादी लागली की काढतो."

यादी लागली. खोलीसमोर माझं नाव, पात्र. आतेने चाळीत पेढे वाटले. त्यानंतर शेवटचा एक कागद राहिला होता. खोलीत राहणारी म्हणून आतेने लिहून द्यायचं, की हक्क माझ्या नावावर व्हायला तिची हरकत नाही. त्यासाठी बिल्डरचा माणूस शाईचा पॅड घेऊन खोलीवर आला. मी कागद तिला वाचून दाखवायला घेतला. ती म्हणाली, "वाचतस कित्याक? तुज्या बापाशीची खोली. खंय लावूचो ता सांग."

मी बोट ठेवलं. तिने अंगठा शाईवर दाबला आणि माझ्या बोटाशेजारी टेकवला.

उचलला, तर खाली लख्ख ठसा. गोल गोल वळत गेलेल्या सगळ्या रेघा. सहा महिन्यांचं तेल आणि साय. आते वाकून बघत राहिली.

"ह्यो बग," ती मला म्हणाली. "रेघ न् रेघ दिसता."

बिल्डरचा माणूस कागद वाळवत होता. "एकदम क्लियर आलाय, आजी," तो म्हणाला.

"मगे?" आतेने माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता त्यात. मी शिकलेला, मला माहीत असणार, म्हणून विचारत होती. "मगे मशीनच वायट?"

हा एक क्षण होता. कागद अजून खोलीत होता, शाई ओली होती. खरं सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, याचा मी नंतर खूप विचार केला. मला वाटतं तिने कागद परत मागितला नसता. म्हणाली असती, अरे, मग मला सांगायचंस. एवढंच. आणि तेवढं ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

"हो," मी म्हणालो. "मशीनच वाईट."

"बरा," ती म्हणाली, आणि शाई पुसायला मोरीकडे गेली. पाण्याचा आवाज येत होता. आतून म्हणाली, "माका वाटला माजाच कायतरी चुकला."

तो माणूस कागद बॅगेत घालून गेला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. चाळ अजून उभी आहे, आते खोलीतच आहे. यंदा ती मिरच्यांना गेली. हात ताकात बुडवून ठेवते. रेशनच्या दुकानात जाणं तिने सोडलं, मशीनच वाईट म्हटल्यावर काय जायचं. घावणे येत नाहीत. मुलगी एकदा म्हणाली, "आजी आता डबा का नाही आणत?" मी म्हणालो, वय झालं. नाव कमी करण्याचा अर्ज मी केलेला नाही. फ्लॅटचा करार व्हायचा आहे, तोवर कार्डावर नाव असलेलं बरं, असं एजंट म्हणतो. अगदी एजंट म्हणतो म्हणून मी थांबलो, असंही नाही.

या जूनमध्ये वर्गात तो धडा पुन्हा आला. मी फळ्यावर रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पोरांना वही मिटायला सांगितली.

मी आतेचं देणं लागतो ते असं: कार्डावरून माझं नाव काढायचं. आणि ज्या रांगेत ती अंगठा पुसत उभी राहिली, त्याच रांगेत, त्या बायकांदेखत तिला सांगायचं, की आते, तुझा अंगठा पहिल्यापासून चांगला होता, तुझं धान्य मी बंद केलं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.