गालाला विचारून

“अजून नाय... अजून नाय... आता!” असं पुटपुटत तो पकडीत धरलेलं तापलेलं शिसं गालाजवळ न्यायचा आणि झटकन पावडरीत बुडवून काढायचा. मळकं शिसं डोळ्यांदेखत पोपटी व्हायचं. तुम्ही तिथे असतात, तर तोंड उघडं टाकून बघत राहिला असतात. मी राहायचो.

दोन हजार सोळा साली तो डहाणूत माझ्या शेजारच्या खोलीत भाड्याने आला. गाव सायवन. लोखंडी कपाटांना पावडरचा रंग देणाऱ्या शेडमध्ये कामाला. उरलेली पावडर मालकाला विचारून बाटल्यांत भरून आणायचा. गळावर शिशाचं डोकं मी ओतायचो, पोरं त्याला जिग म्हणतात. रंग त्याचा. दुसऱ्या दिवशी शेडच्या भट्टीत कपाटांच्या दारांशेजारी आमचे जिग पक्के व्हायला टांगलेले असत.

“बाबा, शिकून घ्या.”

“डोंगरातला तू, मला गळ शिकवणार?” मी चौथी नापास, पण समुद्राशिवाय कुणाकडून शिकलेलो नाही.

एकदा तो नसताना मीच स्टोव्ह पेटवला. जास्त तापलं. शिसं गळावरून सुटून पोपटी बाटलीत पडलं, पावडरीची ढेप झाली. ती बाटली मी मागे लपवली आणि बाकीच्या पुढे सरकवल्या.

रविवारी त्याने नेहमीच्या जागेची बाटली घेतली. जिग लालभडक निघाला.

“हे पोपटी? डोळे फुटले का तुझे?”

त्याने बाटल्यांवरून हात फिरवला. “बाटल्या कोणी हलवल्या?” चाचपत मागची बाटली काढून कानाशी हलवली. खडखडली. “चौथी नापास बाबांनी लाडू वळला!” पोटभर हसला. मग हळू म्हणाला, “रंग दिसत नाय, बाबा. वर्ष झालं. नुसतं धुकं. गालाला विचारून करतो. शेडवर सांगू नका.”

वर्षभरात त्याच्या एकाही जिगचं दोरीचं भोक रंगाने बुजलेलं मी पाहिलं नव्हतं. गरम असतानाच सुईने मोकळं करायचा. न बघता!

मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. त्याने माझ्या हातातली पकड माझ्या गालाशी आणली. “डोळे मिटा.”

पुढे शेडवर कळलंच. तो सायवनला परत गेला.

मी रंगवलेल्या पहिल्या धड जिगला खाडीत जिताडा लागला. जिग माशाच्या तोंडातच ठेवून तो मी एसटीने सायवनला नेला. माशाचं त्याने काही विचारलं नाही. जिगच्या डोक्यावरून अंगठा फिरवला, खिशातली सुई काढून भोकातून आरपार घातली.

“बाबा,” म्हणाला, “पास.”