सावंत सरांनी गंगा कापली

“मैडमजी, कैलेंडर भी उतार दें?”

“उतारो.”

“और घंटी?”

“घंटी सब स्कूल में होती है. रहने दो.”

सातवीचा वर्ग सकाळपासून पुरावे नष्ट करत होता. आरतीचं चित्र असलेलं कॅलेंडर माझ्या टेबलाच्या खणात गेलं. नदीकडची खिडकी बंद करून तिच्यावर चादर लावली. एका मुलाच्या दप्तरावर शहराचं नाव छापलेलं होतं, तो त्या दप्तरावरच बसला. सगळ्यात अवघड काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. आमच्या बनारसात माणूस भेटला की ‘महादेव’ म्हणतो. दुकानात, नावेत, फोनवर, गल्लीत सायकलचा धक्का लागला तरी.

“आज जो महादेव बोलेगा,” मी सांगितलं, “वो पूरा घंटा म्यूट रहेगा.”

म्यूट म्हणजे माइक बंद. हा शब्द मी वर्गाला नुकताच शिकवला होता आणि एरवीही तो मला फार उपयोगी पडत होता.

मी बालाजी घाटाजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. आमचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलं. घरी आम्ही मराठी बोलतो. पुण्याहून आलेले पाहुणे तिला हिंदी समजतात, तो भाग वेगळा. तर त्या वर्षी मी एक ऑनलाइन कोर्स करत होते. विषय, वर्गात व्हिडिओ कॉल कसा वापरावा. मला त्याची हौस नव्हती. मला प्रोजेक्टर हवा होता.

शाळेला एक प्रोजेक्टर भेट मिळाला होता आणि आमचे प्रिन्सिपल द्विवेदीजी यांनी तो आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. “सर्टिफिकेट लाइए, प्रोजेक्टर ले जाइए,” एवढंच ते म्हणायचे. मी इतकी वर्षं फळ्यावर खडूने भारत काढतेय. काश्मीरपासून जोरात सुरुवात होते, पण कन्याकुमारीशी फळा संपतो. श्रीलंका मला खालच्या भिंतीवर काढावी लागते. मग भिंत खराब केली म्हणून द्विवेदीजी मला ऑफिसात बोलावतात.

कोर्स सोपा असेल असं मला वाटलं होतं. पण क्विझमध्ये एका प्रश्नावर मी दोनदा आपटी खाल्ली. कॉलवर आपल्याला आपलं स्वतःचं चित्र आरशातल्यासारखं दिसतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. समोरच्यांना मात्र ते सरळ दिसतं. मी दोन्ही वेळा नेमकं उलटं लिहिलं. तिसऱ्यांदा पास झाले ती केवळ गंगामाईची कृपा.

आता शेवटची असाइनमेंट उरली होती. तिला मिस्ट्री कॉल म्हणतात. कोर्सवाले कुठल्या तरी लांबच्या शाळेशी आपल्या वर्गाची जोडी लावतात. कोण कुठलं ते दोघांनाही सांगत नाहीत. मुलांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि त्यावरून समोरचं गाव ओळखायचं. ओळखता आलं नाही तरी चालतं. पण एखादं उत्तर खोटं निघालं तर राउंड रद्द, शिक्षक नापास, आणि पुन्हा संधी थेट पुढच्या वर्षी. तोवर माझा प्रोजेक्टर कपाटातच म्हातारा झाला असता.

कॉल लागला. स्क्रीनच्या एका चौकोनात आमच्या मेंटॉर मॅडम होत्या, म्हणजे तपासणाऱ्या. दुसऱ्यात एक वर्ग आणि त्यापुढे उभे एक गृहस्थ. त्यांनी हात जोडले.

“नमस्ते. मैं सावंत सर. हमारे बच्चे लोग आपको प्रश्न विचारेंगे.”

विचारेंगे! मी खुर्चीचा हात घट्ट धरला. हिंदीत पूछेंगेच्या जागी विचारेंगे म्हणणारा माणूस जगात एकाच प्रांतात सापडतो. मला तिथल्या तिथे ‘अहो, या या, बसा’ म्हणावंसं वाटलं. पण नियम म्हणजे नियम. मी तोंडावर पदर धरला आणि खोकला आल्यासारखं केलं.

आमच्या मुलांनी पहिला प्रश्न टाकला. “क्या आपके यहाँ बंदर हैं?”

“हाँ,” पलीकडून आवाज आला.

आमचा वर्ग चमकला. दुसऱ्या कुणाकडे माकडं असतात हेच त्यांना नवीन होतं.

“क्या आपके बंदर चश्मा ले जाते हैं?”

पलीकडे मुलांनी आपसात विचारून घेतलं. मग, “नहीं.”

“तो छोटे बंदर होंगे,” मागच्या बाकावरून शेरा आला.

आता त्यांची पाळी. एक मुलगी पुढे आली. “क्या आपके गाँव में बड़ी नदी है?”

आमच्याकडून उत्तरं द्यायला खुशबू बसली होती. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या नावा चालतात. तिने ऐटीत सांगितलं, “हाँ.”

“क्या वो नदी पूरब की ओर बहती है?”

“नहीं.”

पलीकडे एकच गलका झाला. सावंत सर मुलांकडे वळले आणि निःशंक मनाने मराठीत बोलले. “बघा, पूर्वेला वाहत नाही. म्हणजे गंगा नाही. कापा गंगा! पश्चिमवाहिनी पकडा. नर्मदा नाहीतर तापी.”

फळ्यावर गंगा कापली गेली. मी पाहत राहिले. एका बाजूला हसू फुटत होतं, दुसऱ्या बाजूला लाज वाटत होती, कारण त्यांचा सगळा डाव मला फुकटात ऐकू येत होता. कान बंद करता येत नाहीत. वर्गाला काही सांगायचं नाही एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात दार उघडलं. द्विवेदीजी पाहणी करायला आले होते. ते दारातूनच छाती भरून म्हणाले, “महादेव!”

अख्ख्या वर्गाने श्वास रोखला. मी म्यूट दाबायला धावले आणि घाईत कॅमेराच बंद केला. तो परत सुरू होईपर्यंत पलीकडून एका मुलाचा आवाज आला.

“सर, त्यांच्या शिपायाचं नाव महादेव आहे वाटतं.”

“असेल. तिकडे लक्ष नको देऊ,” सावंत सर म्हणाले.

मी द्विवेदीजींकडे बघू शकत नव्हते. ते मात्र स्क्रीनकडे पाहून प्रसन्न हसत होते.

अखेर अंदाज सांगायची वेळ आली. आमच्या मुलांनी नारळ, मासे आणि उतरती छपरं एवढ्यावरून गोवा म्हटलं. निघालं रत्नागिरीकडचं एक गाव. त्यांनी मोठ्या विश्वासाने जबलपूर म्हटलं. आमचा वर्ग एकदम ओरडला, “बनारस!” आणि तासभर कोंडून ठेवलेला महादेव असा काही बाहेर पडला की टेबलावरचा माइक थरथरला.

सावंत सर हसले नाहीत. “मैडम, ये बरोबर नहीं. बनारस माने गंगा. गंगा पूरब को बहती है, किताब में है. आपके बच्चे ने नहीं बोला.”

मेंटॉर मॅडमनी चष्मा चढवला. “उत्तर गलत है तो मुझे राउंड कैंसल करना पड़ेगा.”

खुशबूचे डोळे भरले. “मैडमजी, हम झूठ नहीं बोले हैं.”

ती खोटं बोललीच नव्हती. गंगा एकंदरीत पूर्वेला जाते हे खरंच. पण बनारसपाशी ती वळते आणि उत्तरेकडे वाहते. इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. आम्हा सगळ्यांना ते इतकं ठाऊक होतं की जगाला ठाऊक नसेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

“दिखाती हूँ,” मी म्हटलं आणि लॅपटॉप उचलला.

जिन्यात जी झुंबड उडाली तिचं वर्णन नको. मी पुढे, मागे अख्खी सातवी, त्यामागे चार्जरची वायर हातात धरून द्विवेदीजी. अर्ध्या जिन्यात वायफाय सुटलं. द्विवेदीजी आपल्या मोबाइलचा डेटा कुणाला देत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी खुशबूच्या तोंडाकडे पाहिलं आणि हॉटस्पॉट चालू केला. गच्चीवर माकडं बसली होती. आमची वरात पाहून त्यांनीच जागा सोडली.

मी लॅपटॉपची स्क्रीन माझ्याकडे न ठेवता कॅमेरा नदीकडे वळवला आणि मागून मान काढून बोलू लागले. “सामने सूरज है. मतलब सामने पूरब. बाएँ हाथ को?”

“उत्तर,” मेंटॉर मॅडम म्हणाल्या. “लेकिन पानी किधर जा रहा है, यहाँ से पता नहीं चलता.”

तेही खरं होतं. वरून गंगा एका जागी थांबल्यासारखीच दिसते. तेवढ्यात खुशबू कठड्याशी धावली आणि तिने खालच्या मोटारबोटीकडे पाहून हाळी दिली.

“ए चच्चा! तनी इंजन बंद करा!”

“काहे?” खालून आवाज आला.

“मैडम क परीक्षा हौ!”

घाटावरच्या सगळ्या माना वर झाल्या. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत जाहीर परीक्षा. चच्चाने इंजिन बंद केलं. बोटीतले यात्रेकरू आम्हाला हात करू लागले. बोट क्षणभर थबकली आणि प्रवाहाबरोबर हळूहळू डावीकडे सरकू लागली.

द्विवेदीजी लॅपटॉपच्या पुढच्या बाजूला वाकून बघत होते. त्यांचा चेहरा पडला. “मैडम, ये तो दाहिने जा रही है. दक्षिण!”

मीही वाकले. आमच्या स्क्रीनवर बोट खरोखरच उजवीकडे चालली होती. आणि मग मला माझी दोनदा खाल्लेली आपटी आठवली. इतका आनंद मला कधी पास होऊनही झाला नव्हता.

“सर, ये आईना है,” मी म्हटलं. “हमको उल्टा दिखता है. उनको सीधा.”

पलीकडे मेंटॉर मॅडम स्क्रीनला नाक लावून बसल्या होत्या. “बाएँ,” त्या म्हणाल्या. “बाएँ जा रही है. उत्तर सही है. राउंड पास.”

गच्चीवर जे झालं त्याला मी नाच म्हणणार नाही, कारण द्विवेदीजीही त्यात होते.

सावंत सर आपल्या मुलांकडे वळले. “पोरांनो, आपण गंगा कापली, ते चुकलं. माफी मागायला हवी. हिंदीत कसं म्हणायचं ते बघतो.”

“मराठीतच म्हणा की, सर,” मी म्हटलं. “आम्ही लोक इथलेच, पण घरी मराठीच चालते.”

त्यांचा हात कपाळावरच थांबला. “मॅडम, म्हणजे तुम्ही मघापासून…”

“सगळं ऐकत होते. आणि तो शिपाई नव्हे, आमचे प्रिन्सिपल.”

सावंत सरांनी घाईघाईने माइक बंद केला. पुढचा बराच वेळ आम्हाला त्यांचा वर्ग नुसता पोट धरून हसताना दिसत होता, आवाजाशिवाय.

सर्टिफिकेट आलं त्या दिवशी द्विवेदीजींनी कपाट उघडलं. मी पहिल्यांदा भारत लावला. श्रीलंका अख्खी आली, भिंतीवर, आणि मला कुणी ऑफिसात बोलावलं नाही.

नवे शिक्षक हा कोर्स करायला घेतात तेव्हा मला टिप्स विचारतात. मी एकच सांगते. म्यूटचं बटण मुलांसाठी नसतं, ते सरांसाठी असतं.