मेंदूतल्या तारा आणि आमचे हे

आमच्या ह्यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. भिवंडीबाहेर आमच्या वळ गावात गोदामं उभी राहिली, तेव्हा दारात आडवे लागलेले ट्रक नुसत्या आवाजावर मागे घ्यायला लावणारा माणूस. पुढे कंपवाताने हात थरथरायला लागले, चहा सदऱ्यावर सांडायला लागला, तरी आवाज होता तसाच. शेवटी मुलांनी मुंबईला नेऊन मेंदूत तारा बसवून आणल्या. छातीच्या कातडीखाली बॅटरी, तिचा जोर डॉक्टर बाहेरून कमीजास्त करतात.

हात थांबला. मी गावदेवीची ओटी भरली. मग हळूहळू लक्षात आलं, माणूस भलताच गोड झालाय. भाजीत मीठ नव्हतं, तरी छान झालीय म्हणाले. जत्रेत पहिला नारळ आमच्या घराचा. त्या मानापायी ह्यांनी सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला धरला होता. यंदा दुसऱ्याच आळीने तो नारळ फोडला, तर म्हणाले, "घेव दे की." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ शाबूत होता आणि पीळच गेला होता. मला भीती वाटायला लागली. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले, तो गेला कुठे?

मुलं खूश होती. आमच्यात डॉक्टरांशी पुरुष बोलतात, बायका बाहेर बाकावर बसतात. त्यामुळे आत दर खेपेला एकच सांगितलं जायचं, बाबा एकदम मस्त. या वेळी मी थोरल्याच्या आधी आत जाऊन खुर्चीत बसले.

"हात बरा हाय डॉक्टर, पन ह्यो आमचा मानूस न्हाय."

डॉक्टर हसले नाहीत. काही जणांचं असं होतं, म्हणाले. जोर उतरवला तर स्वभाव परत येईल, पण थोडा कंपही येईल. ह्यांना विचारलं, तर "तुमी म्हनाल तसा."

जोर एकेक पायरी उतरू लागला. दर पायरीला ह्यांचं "बरा हाय, बरा हाय." बोटं हलायला लागली. थोरला म्हणाला, "आई, बस झालं आता." मलाही वाटलं, स्वभाव आलाच नाही आणि हातही गेला तर?

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलायला सांगितला. पाणी मांडीवर सांडलं.

"हात थरथरतोय. परत वाढवू?"

"हात माजा हाय," हे कडाडले. "तुमाला कशाचा तरास? सकालपासून नुसता पिरगालताव."

माझा जीव भांड्यात पडला. रडू आवरत मी डॉक्टरांना म्हणाले, "हेच ठेवा."