नखावर अडकलेला गळ

माझ्या सासऱ्यांना जवळचं धड दिसत नव्हतं, म्हणून गळाची धार ते अंगठ्याने बघायचे. माझा गळ घासून झाला की डावा अंगठा माझ्यापुढे धरायचे. मी टोक त्यांच्या नखावर टेकवून हलकेच ओढायचं. घसरलं तर बोथट, जागीच अडकलं तर तयार. हात चुकला तर गळ थेट मांसात जायचा, पण त्यांनी कधी अंगठा मागे घेतला नाही. मीच घाबरून डोळे मिटायची.

"आगं, डोळं मिटून धार बघतीस व्हय?" म्हणून ते हसायचे.

घाबरण्यात माझा हात कुणी धरला नसता. लग्न होऊन मी काळेवाडीत आले तेव्हा स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. घर पवनेच्या काठाला, पोट माशांवर. नदीपलीकडे पिंपरीत नवी कंपनी उभी राहिली होती आणि आमचे हे तिथे कामाला लागले होते, पण अजून कायम व्हायचे होते. कायम झाले की पावसाळ्यात नदी चढली तरी घरात चूल पेटणार होती. मी रोज देवापुढे तेवढंच मागायची.

आम्ही गळ दगडावर घासायचो. दगडाने टोक यायचं, पण जाडसर. मोठी मरळ तोंड झटकायची आणि सुटायची. एके दिवशी ह्यांनी भाकरीच्या फडक्यातून बोटाएवढी तिकोनी कानस काढली आणि माझ्या हातात दिली.

"मोडीत टाकली व्हती. कुणाला बोलू नगंस," म्हणाले.

मी ती पटकन पदराखाली झाकली. खिशात मूठभर खिळे सापडले म्हणून एका माणसाला त्याच आठवड्यात घरी बसवलं होतं, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं. पण त्या कानशीने गळ असा काही निघाला की विचारू नका. नखावर टेकवला तोच अडकला. सासऱ्यांनी बोटांनी कानस चाचपली.

"कुणाची गं ही?"

"कंपनीची," मी बोलून गेले. त्यांच्यापुढे मला कधी खोटं सुचायचंच नाही.

आमच्या घराची एक रीत होती. दुसऱ्याचं जाळं, होडी, काहीही वापरलं, तर त्यावरचा पहिला मोठा मासा मालकाच्या दारात नेऊन द्यायचा. नाही दिला तर नदी हात आखडते, असं सासरे म्हणायचे. ही रीत मला ठाऊक होती. कानशीलाही ती लागू होईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे धुऊन परतले तर सासरे घरात नव्हते. शेजारीण म्हणाली, "मामा हातभर मरळ घिऊन गेलं की कंपनीकडं. पयला मासा मालकाचा म्हनत व्हतं."

माझी पाचावर धारण बसली. भिजलेलं लुगडं तसंच खोचून मी नदीच्या उथळ उतारातून पलीकडे पळत सुटले. काल हे म्हणाले होते, पंधरा दिवसांत नाव कायमच्या यादीत लागेल. आणि आता ह्यांचा बाप स्वतःच्या पायांनी मुलाची चोरी सांगायला निघाला होता, तीही डोक्याला मुंडासं बांधून, मानाने.

मी पोचले तेव्हा ते फाटकाशी उभे होते. उपरण्यात गुंडाळलेली मरळ अजून जिवंत होती, तडफडत होती.

"तुमच्या कानशीचा पयला मासा हाय. मालकाला द्या," ते फाटकावरच्या जमादाराला सांगत होते.

"कसली कानस? कुणी आणली?" जमादार खुर्चीवरून उठला.

परक्या पुरुषापुढे मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. तरी बोलले.

"म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिनाम झालाय, दादा. काय बी बोलत्यात. काल मासा घिऊन देवळात गेलं व्हतं."

सासरे माझ्याकडे वळले. लांबचं त्यांना स्वच्छ दिसायचं आणि मी चार हातांवर उभी होते. मला वाटलं, आता ते म्हणणार, सून खोटं बोलतीय. मग त्यांनी मान खाली घातली आणि विचारलं, "ह्यो बाजार न्हवं?"

जमादार खो खो हसला. "बाजार नाही हा, बाबा. पण आणलाय तर ठेवून जा मासा."

परतताना ते पुढे, मी मागे. पाण्यातून जाताना मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं." ते पाणी कापत पुढेच चालत राहिले.

हे कायम झाले. इकडे जमादाराने गोष्ट दहा ठिकाणी सांगितली आणि सासरे दिसले की येणारेजाणारे विचारायचे, "बाबा, बाजार कुठाय?" दर वेळी ते कुठेतरी बोट दाखवायचे आणि वेड्यासारखे हसायचे. ते शहाणे ठरले असते तर त्यांचा मुलगा चोर ठरला असता. मरेपर्यंत त्यांनी ते वेड निभावलं.

कानस त्यांनी त्याच दिवशी डोहात टाकली. मी पुन्हा दगडावर गळ घासू लागले. झाला की त्यांच्यापुढे धरायची. ते धार न बघताच दोरीला बांधायचे. अंगठा त्यांनी पुन्हा कधी पुढे केला नाही.